विठफळाचा मलम

तापीमाईची आण, माझ्या दोन्ही डोळ्यांची आण, आणि माझ्या पोराबाळांची आण घेऊन मोठ्यानं सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या जिभेवर गजकर्ण उठो, आणि तेही अशा जागी की खाजवायला दात पुरू नयेत. हसू नका. मागे मगरीची गोष्ट सांगितली तेव्हाही हसलात. ती मगर मी थोडी लांब केली होती, कबूल. इथे काहीएक लांब केलेलं नाही.

आता तुमच्याकडे मलम नळीत येतो. दाबला की शेवईसारखा बाहेर. चार दिवस लावता, खाज थांबली की नळी फळीवर फेकता, आणि महिन्याभरात परत कंबर खाजवत माझ्यापुढे उभे. शिकलेले म्हणे. तुमच्यापेक्षा आमची झुंबर बरी, जी दुसरीत दोनदा बसली होती.

झुंबर म्हणजे माझी नणंद. साल चोपन्न. वरणगावजवळच्या या खेड्यात मी लग्न होऊन आले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि झुंबर तेव्हा अठराची. अंगानं सडसडीत, कामाला वाघीण, आणि आवाज असा की तिनं केळीच्या मळ्यातून हाक मारली तर गावातली झोपलेली कुत्री उठून बसायची. माझे सासरे शालिग्राम आबा. देवमाणूस. पण देवळातला देव जेवढं बोलतो तेवढंच बोलणारा, आणि समोरचा जे सांगेल ते खरं मानणारा. सासूबाई धुरपदाबाई, त्या आबांच्या वाटचंही बोलून घ्यायच्या.

झुंबरची सुपारी फुटली होती दोंडाईच्याकडे. ते लोक 'आहे'ला 'शे' म्हणणारे, आम्ही 'हाये' म्हणणारे, पण नात्यागोत्यात बसत होतं म्हणून जुळलं. मुलगा रतिलाल. मुलाचा बाप पितांबर नाना.

या पितांबर नानाबद्दल काय सांगू? जगात त्याला ठाऊक नाही असं काहीच नव्हतं. निदान त्याला तसं ठाऊक होतं. 'माहीत नाही' हे दोन शब्द बोललो तर आपले दात गळून पडतील, अशी त्याला भीती असावी. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा त्यानं आबांना केळी कशी लावायची ते शिकवलं. त्याच्या गावात केळीचं एक झाड नव्हतं, हं. होतं ते केळीचं पान, सत्यनारायणाला बाजारातून आणलेलं. मग विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, पाणी जड शे. पाणी जड! उचलून पाहिलं होतं का मेल्यानं? सासूबाईंना वरणात मीठ कधी घालायचं तेही सांगितलं, आणि त्याच वरणाच्या चार वाट्या प्यायला.

रतिलाल बिचारा त्याच्याशेजारी बसलेला. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मान खाली. बाप बोलत होता आणि पोरगा हळूच सरकत सरकत दाराच्या चौकटीला पाठ लावून वर-खाली होत होता. म्हैस खुंट्याला घासते ना, तस्सा. मी चहा देताना पाहिलं. म्हटलं, असेल घामोळं.

महाशिवरात्र झाली आणि झुंबरच्या हातावर, कोपराच्या खाली, एक वाटोळा डाग उठला. आमच्या गाईचं वासरू होतं, त्याच्या तोंडावर राखेच्या रंगाची टकलं पडली होती. झुंबर त्या वासराची मान बगलेत धरून त्याला दूध पाजायची. तिथूनच आलं, पण तेव्हा हे कोणाला कळतंय? डाग बांगडीएवढा झाला. कड लाल, फुगलेली, खवल्याखवल्याची. मधे मात्र कातडी कोरडी आणि फिकट.

आणि नेमका तेव्हाच पितांबर नाना लग्नाची तिथी धरायला आला. झुंबरनं चहाचा पेला खाली ठेवला, पदर सरकला, डाग दिसला.

"हात दखाड पोरी," नाना म्हणाला.

तिनं हात पुढे केला. नानानं हात लावला नाही. चार हातांवरून मान तिरपी करून पाहिलं, डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाला, "हाई कोड शे."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

आबा हळूच म्हणाले, "नाना, पण हे तं लाल हाये. कोड पांढरं राह्यतं."

"मझार देखा ना, मझार! मझार पांढरं शे. आते सुरुवात शे. माले शिकाडू नका आबा, मी बठ्ठा रोग देखेल शेत." मधे पांढरं आहे म्हणे, आणि सगळे रोग यानं पाहिलेले!

"आमच्या वासरालेही तसंच..."

"म्हंजे वासरूले बी कोड शे," नाना म्हणाला.

वासराला कोड! मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबला. पण झुंबरकडे पाहिलं आणि हसू जिरलं. तिचं तोंड पिठासारखं झालं होतं. कारण तो शब्द काय होता ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. घरात कोड म्हटलं की त्या घरातली मुलगी कोणी करत नाही. एकटी झुंबर नाही, तिच्या पाठच्या दोघी बहिणी होत्या, त्याही घरात पिकल्या असत्या.

नाना उठला, पगडी नीट केली. "आखाजीलोंग डाग गया ते लगीन. नही गया ते सोयरीक मोडी. मी साफ सांगस." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत. आणि जाता जाता चहा संपवून गेला. सोडला नाही.

मग गावातल्या बायांचं सुरू झालं. एकीनं चुना सांगितला, दुसरीनं तंबाखूची गूल. कोणी म्हणे घासलेट चोळा. एक शहाणी तर बॅटरीतला मसाला काढून घेऊन आली, काळा, आणि डागावर थापायला निघाली. सासूबाईंनी टाकळ्याचं बी ताकात वाटून लावलं. चुन्यानं कातडी भाजली, घासलेटानं झुंबर चुलीपासून लांब बसायला लागली. डाग मजेत वाढत होता. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, भुसावळले दवाखान्यात दाखवू." तर म्हणाल्या, "दवाखान्यात नेलं तं लोक म्हनतीन कोडच हाये." म्हणजे बघा, लोक काय म्हणतील याचं औषध आधी, हाताचं नंतर.

शेवटी मीच बांगड्या भरायच्या म्हणून तिला बैलगाडीत घालून भुसावळला नेलं. सरकारी दवाखाना. डॉक्टरनं हात पाहिला न पाहिला, "गजकर्ण" म्हणाला, आणि चिठ्ठी खरडून दुसऱ्या पेशंटकडे वळला. झुंबर तिथंच उभी. "कोड नाही?" तिनं विचारलं. डॉक्टरनं वर पाहिलं. "कोण म्हणालं कोड?" "माझे होणारे सासरे." "ते काय करतात?" मी मधेच म्हटलं, "सगळं." डॉक्टर हसला. म्हणाला, "कोडाला लाल कड नसते, खाज नसते, खवले नसतात. हे गजकर्ण आहे. जा, मलम घ्या."

मलम बनवायला कंपाउंडर होता तोताराम. बारीक माणूस, नाकावर चष्मा, आणि कपाळावर कायमची आठी. जगातली सगळी माणसं मूर्ख आहेत आणि ती सगळी माझ्याच खिडकीशी येतात, अशा तोंडानं तो काम करायचा. मला माणूस लगेच आवडला. त्यानं दोन पांढऱ्या भुकट्या तोलल्या, फरशीच्या तुकड्यावर पिवळ्या मऊ चरबीसारख्या पदार्थात ओतल्या, आणि चपट्या सुरीनं घोटायला लागला. आई लेकराला मऊ भात कालवते ना, तसं.

"भाऊ, याचं नाव काय?" मी विचारलं.

"व्हिटफील्ड."

"काय फळ?"

"व्हिट. फील्ड."

"विठ्ठलफळ?" झुंबर म्हणाली.

तोतारामनं सुरी खाली ठेवली. चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "विठफळ म्हणा, आंबा म्हणा, काहीही म्हणा. फक्त मी सांगतो ते ऐका. हात धुवायचा, पुसून कोरडा करायचा, मग लावायचा. दिवसातून दोनदा. पातळ. डागावरच नाही, कडेच्या बाहेर एक बोट रुंद. डाग गेला की काय करायचं?"

"थांबायचं," मी म्हटलं.

"हेच! बठ्ठा खानदेश इथंच बुडाला! डाग गेला म्हणजे ते मेलं नाही. शेतात हराळी वरून कापली की गेली का? मुळी खाली जिवंत असते. डाग दिसेनासा झाला की त्याच्यावर पंधरा दिवस लावायचा. मोजून. आणि घरात वासरू आहे ना?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो. आम्ही वासराचा शब्दही काढला नव्हता.

"टकलं पडलेलं?" तो म्हणाला. "त्याला हात लावायचा नाही. पंचा वेगळा, पांघरूण वेगळं. लुगडं उकळत्या पाण्यात घालून उन्हात कडक वाळवायचं. दुसऱ्याच्या अंगाचं आपल्या अंगाला आणि आपलं दुसऱ्याच्या अंगाला लागू द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. कोणालाच कळत नाही," तो म्हणाला, आणि रुंद तोंडाची बाटली खिडकीतून सरकवली.

त्याचं खरं होतं. झुंबरला लवकर बरं व्हायचं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं अर्धी बाटली हातावर थापली. दुपारपर्यंत हाताची आग आग झाली आणि कातडी केळीच्या सालीसारखी सुटायला लागली. मी म्हटलं, "भाकरीवर लोणी लावतेस का गं?" दोन दिवस थांबलो, मग तो सांगत होता तसं लावलं. पातळ, कडेच्या बाहेर एक बोट. दहा दिवसांत कड बसली. चौदाव्या दिवशी डाग शोधावा लागत होता. गावातल्या बाया म्हणाल्या, बरं झालं, आता टाका ती बाटली. झुंबरनं भिंतीवर कोळशानं पंधरा रेघा ओढल्या, रोज दोनदा लावायची आणि रोज एक रेघ पुसायची. एकही चुकली नाही. दुसरीत दोनदा बसली होती, पण पंधरा तिला मोजता येत होते. तुम्हाला येत नाहीत.

आबांना इतका आनंद झाला की ते बाटली खिशात घालून पॅसेंजरनं थेट दोंडाईच्याला गेले, व्याह्यांना सांगायला. परत आले ते खूष.

"काय म्हनले नाना?" सासूबाईंनी विचारलं.

"म्या सांगितलं, कोड नाही, गजकर्ण होतं, पोरीले विठफळाच्या मलमानं बरं वाटलं. तं नाना म्हनले, विठफळ मले माहीत हाये. लिंबाएवढं राह्यतं, हिरवं, आत दूध. सातपुड्यात ढीगभर झाडं हायेत. दवाखान्यातला मानूस तेच वाटून बाटलीत भरतो, बस."

मी दळण दळत होते. जातं थांबवावं लागलं, इतकी हसले. जे फळच नव्हतं त्याला या माणसानं रंग दिला, माप दिलं, आणि त्यात दूधही भरून ठेवलं!

"आनि काही विचारलं का त्यांनी?" मी डोळे पुसत म्हटलं.

"हो. किती दिवस लावायचं ते विचारलं. आनि," आबांनी जरा आठवलं, "पाठीले चालतं का, असं विचारलं."

"कोनाच्या पाठीले?"

"ते नाही सांगितलं."

मी पुन्हा दळायला लागले. चौकटीला घासणारा तो रतिलाल माझ्या डोळ्यांपुढे आला. पण मी बोलले नाही. म्हटलं, नानाला सातपुड्यात जाऊ दे आधी.

आणि तो गेला, हं. पुढे सगळं कळलं ते सांगते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारात नानानं विचारलं, विठफळ शे का? तिथल्या एका विकणाऱ्यानं याच्याकडे पाहिलं, याची पगडी पाहिली, आणि म्हणाला, हो, हेच. कुठलंसं रानफळ टोपलीभर दिलं. नानानं ते घरी आणून वाटलं आणि पोराच्या पाठीवर थापलं. त्यांच्या घरात माणसं नऊ आणि पंचा एक, त्यामुळे नानाच्या मानेवरही दोन वर्तुळं होती. तिथंही लावलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी वऱ्हाड आलं. भुसावळपर्यंत रेल्वेनं, पुढे नऊ गाड्या. ऊन असं की गाड्यांच्या चाकांना घाम फुटला होता. आणि त्या उन्हात पितांबर नानाच्या मानेला उपरणं गुंडाळलेलं, तीन वेढे. मी विचारलं, "नाना, थंडी वाजती का?" म्हणाला, "सर्दी शे."

आल्या आल्या मांडवात चार माणसांपुढे त्यानं झुंबरचा हात मागितला. पाहिला. पालथा केला. पुन्हा चार हातांवरून. डाग नव्हता. कातडी तुपासारखी. आता एखादा माणूस म्हणाला असता, बरं झालं. नाना म्हणाला, "गया. पण कोड परत येस."

"नाना, डॉक्टरनं सांगितलं की..." आबा म्हणाले.

"डॉक्टर कालना पोऱ्या. हाऊ कागद देखा." त्यानं कोटातून घडी केलेला कागद काढला. लिहूनच आणला होता. मुलीच्या अंगावर कोड होते, पुढे परत उठल्यास मुलगी माहेरी परत घ्यावी. खाली आबांनी सही करायची. "हळद व्हई तोपावत सही पाहिजे. नही ते वऱ्हाड उठी."

झुंबर तिथंच उभी होती. डाग गेला होता, पण तो शब्द आता शाईनं लिहून तिच्या बापापुढे ठेवला होता. आबांनी सही केली असती तर तो कागद पंचवीस गावं फिरला असता, आणि पाठच्या दोघींचं काही उरलं नसतं. आणि आमचे आबा! आमच्या आबांनी काय करावं? टाक मागितला.

"बाबा," झुंबर म्हणाली, "आत्ता नको. हळदीनंतर." एवढंच. आबांनी टाक खाली ठेवला.

वऱ्हाड उतरलं होतं चावडीजवळच्या घरात. तिथं नवरदेवाला आधी हळद लागणार, आणि त्यातलीच उरलेली हळद, ती उष्टी हळद, वाजत-गाजत नवरीला आणून लावायची, असा रिवाज. नवरदेवाच्या न्हाणासाठी गरम पाण्याचा हंडा घेऊन मी तिकडे गेले. पाहते तर काय, रतिलाल पाटावर बसलेला आणि अंगात बंडी! अख्ख्या खानदेशात बंडी घालून हळद लावून घेणारा नवरदेव मी पहिल्यांदा पाहिला. बाया तोंडाला लावतायत, हातांना लावतायत, पायांना लावतायत, आणि पाठीकडे हात गेला की तो दचकतोय. एकीनं बंडीवरूनच हात चोळला तर हे एवढं मोठं "आई गं" निघालं.

"बंडी काढा ना," मी म्हटलं.

नानाची बहीण बेबाबाई म्हणाली, "त्याले बी सर्दी शे."

बाहेर कावळे चोच उघडून धापा टाकत होते. आणि या घराण्याला सर्दी. मी हंडा ठेवला आणि धावत घरी आले. झुंबरच्या कानात सगळं सांगितलं. बंडी, "आई गं", आबांना विचारलेली पाठ. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल. तर ती हातावर बोट फिरवत म्हणाली, "वैनी, मी एकोनतीस दिवस हा हात सांभाळला."

वाजंत्री आली. पुढे बेबाबाई, हातात उष्ट्या हळदीची पितळी वाटी. मागे नाना, हातात कागद. त्याच्यामागे अर्धं वऱ्हाड. बेबाबाई वाकली, दोन बोटं हळदीत बुडवली आणि झुंबरच्या हाताकडे नेली.

झुंबरनं हात मागे घेतला.

"ही हळद मी लावून घेनार नाही."

वाजंत्रीवाले आपोआप थांबले. सनईवाल्याच्या तोंडातून नुसती हवा निघाली.

"उष्टी हळद नाकारस?" बेबाबाई किंचाळली. "ओ माय वं! कोडनी पोरगी आनि एवढी घमेंड!"

"मले कोड नव्हतं," झुंबर म्हणाली. मघाशी सांगितलं ना, मळ्यातून हाक मारायचा आवाज, त्या आवाजात. "मले गजकर्ण होतं. वासराचं होतं. मलम लावून बरं केलं. दुसऱ्याच्या अंगाचं आपल्या अंगाले लागू द्यायचं नाही, असं मले सांगितलं हाये. नवरदेवाले बलवा. त्यायले बंडी काढू द्या. पाठ साफ असली तं मी ही हळद तोंडाले फासून घेईन आनि बाबा कागदावर सही करतीन."

"मना आंडोर, मना पोऱ्या सोनासारखा शे!" नाना ओरडला. ओरडताना मान ताठ झाली, उपरण्याचा एक वेढा सुटला. मी डोळे बारीक केले. तिथं काहीतरी काळं काळं होतं.

गोंगाट ऐकून रतिलाल चावडीकडून आलाच. हळदीनं पिवळा झालेला, बंडी घामानं अंगाला चिकटलेली. मांडवात पाऊल टाकलं तशी सगळी माणसं त्याच्याकडे वळली. त्यानं बापाकडे पाहिलं. झुंबरकडे पाहिलं. मग त्यानं दोन्ही हातांनी बंडी डोक्यावरून काढली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

काय पाठ होती ती! तुम्हाला सांगते, सात वर्तुळं. मोठी, ताटलीएवढी, एकात एक अडकलेली, लाल कडांची. आणि त्यावर त्या रानफळाच्या दुधानं उठलेले फोड, काही फुटलेले, काही काळे पडलेले.

"नाना," रतिलाल मागे न वळता म्हणाला, "हाई काय शे मंग? हाई तुमनं विठफळ शे."

आणि मग आमचे शालिग्राम आबा, ज्यांना काही कळत नाही असं सगळं गाव म्हणायचं, ते दोन पावलं पुढे आले. पाठीकडे नीट पाहिलं. मान तिरपी केली, अगदी नानासारखी. आणि खऱ्या काळजीनं विचारलं, "नाना, हे पन कोडच का?"

आबांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, हं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून तर ते असं लागलं.

नाना उपरणं सावरायला लागला. आता काय म्हणणार? पोरीचं कोड तर पोराचंही कोड. पोराचं गजकर्ण तर पोरीचंही गजकर्ण. आणि पोराच्या पाठीला ते रानफळ थापताना याला ते गजकर्ण असल्याचं पक्कं ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा त्याला जे माहीत होतं ते त्याला बोलता येईना.

"गजकर्ण," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "माह्या कानात बी सर्दी हाये."

"गजकर्ण शे!"

"मंग कागदावर लिहा," झुंबर म्हणाली. "ज्या कागदावर कोड लिहिलं, त्याच कागदावर. कोड खोडा आनि गजकर्ण लिहा. आनि सही तुमची, बाबाची नाही."

त्यानं लिहिलं. घाम कागदावर पडत होता. 'गजकर्ण' मधला 'र्ण' चुकला, तो मी सांगितला. तो कागद पुढे सासूबाईंनी लुगड्याच्या घडीत ठेवला आणि पाठच्या दोघींच्या लग्नात येईल त्या पाहुण्याला आपण होऊन दाखवला, कोणी न विचारता.

लग्न लागलं का? लागलं. घरात ताजी हळद कुटली, ती झुंबरला लावली, आणि आखाजीच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या. रतिलालनं पाठ दाखवली, म्हणून. नसती दाखवली तर तिनं वऱ्हाड उपाशी परत पाठवलं असतं. पण सासरी मात्र लगेच गेली नाही. रतिलालला म्हणाली, "पाठ साफ झाली की न्यायले या. साफ झाल्यावर पंधरा दिवसांनी."

मी आणि आमचे हे त्याला तोतारामकडे घेऊन गेलो. तोतारामनं पाठ उजेडाकडे वळवून पाहिली. "हे कशानं भाजलं?"

"विठफळानं," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधी फोड सुकू द्या. फुटलेल्या कातडीवर मलम लावाल तर हा पोरगा इथून दोंडाईच्यापर्यंत रुळावरून पळत जाईल. मग मलम. आणि बाई," तो माझ्याकडे वळला, "ते फळ कोणी शोधलं, त्याला माझ्यासमोर आणू नका."

आणायची गरजच पडली नाही. आठ दिवसांनी नाना स्वतःच त्या खिडकीशी आला, मानेला उपरणं गुंडाळून, आवाज खाली घेऊन, आणि पाहुण्यांसाठी हवंय असं सांगून बाटली घेऊन गेला. त्याची मान बरी झाली. मग काय! मरेपर्यंत तो माणूस दोंडाईच्याच्या बाजारात बसून सांगायचा की विठफळाचा शोध मीच लावला, सरकारनं माझ्याकडून घेतला. लोकही ऐकायचे. कोणाच्या पाठीवर काही उठलं की त्याच्याकडे जायचे. बरं वाटायचं ते दवाखान्यातल्या मलमानं, नाव याचं.

रतिलालची पाठ दीड महिन्यात साफ झाली. झुंबर नांदायला गेली आणि जाताना नऊ पंचे घेऊन गेली. नऊ माणसांना नऊ. प्रत्येकाच्या पंच्याला वेगळ्या रंगाचा दोरा.

हं. आता एक सांगते, ते मनात ठेवून मला झोप येणार नाही. बंडी रतिलालनं आपण होऊन नाही काढली. तो मांडवात आला, बापाकडे पाहिलं, आणि घाबरून परत वळला होता. मीच मागून बंडी धरली आणि खेचली. टर्रकन फाटली, मानेपासून कमरेपर्यंत. तो जे बोलला ते मात्र बोलला, पाठ उघडी पडल्यावर, दुसरं काही सुचेना म्हणून. पुढे जन्मभर, दिवाळीला आमच्याकडे आला आणि मी ओवाळायला गेले की, हळूच म्हणायचा, "वहिनी, मीच काढली असं सांगत जा ना." म्हणून तसं सांगते. झुंबरलाही मी तेच सांगत आले, आणि झुंबर ते ऐकून घेते, जरी तेव्हा ती तिथंच, चार हातांवर बसलेली होती.